पाऊलपट्टीवर न चाललेल्या बायका

माझ्या सुनेनं माझी लाज काढली, आणि तीही चारचौघांत नाही, चांगल्या दोनशे माणसांत. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. साताऱ्याहून एक रिटायर कर्नलसाहेब आलेले. गावातले म्हातारे फौजी छातीवर पदकं लावून पहिल्या रांगेत ताठ बसलेले. आणि ज्या कांचनच्या सत्कारासाठी हे सगळं मांडलं, ती बया आमच्या परड्यात शेणाच्या पाट्या भरत होती. दोनदा माणूस पाठवला. तिसऱ्यांदा मी स्वतः गेले.

"ऊठ. हात धू. साहेब खोळंबलेत."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "आत्ती, शाल तुम्हीच घ्या. तुम्हाला शोभते."

शेवटी शाल-नारळ मीच घेतला. कर्नलसाहेब भाषणात म्हणाले, या घरच्या सुनेनं परमुलखात, गोळ्या चालू असताना, दोन निर्वासित बायकांना खांद्यावर घालून छावणीत आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. आतून मात्र तव्यासारखी तापले होते.

आमचं पाथरखिंड फौजेचं गाव. घरटी एक माणूस वर्दीत. माझा नवरा हवालदार होऊन आला आणि हवालदार म्हणूनच मेला, शेजारणीला मीठ द्यायचं तरी हुकूम सोडायचा. माझा एकुलता एक सुशांत भरतीला गेला तर डोळ्यांत नापास झाला, आता एसटीच्या डेपोत गाड्यांखाली झोपतो. मग मी म्हटलं, मुलगा नाही तर सून. लोक सून बघताना रंग बघतात, मी उंची आणि धाव बघितली. कांचन फौजेच्या पोलिसांत होती. लग्नात जावयाची असते तशी ऐट माझ्या सुनेची होती, आणि सुशांत बाजूला चष्मा पुसत उभा.

तीच ही कांचन. रजेवर येऊन एकवीस दिवस झाले. खाते ते चिमणीएवढं. नवऱ्याशी बोलत नाही, आठ वर्षांच्या पोराकडं बघत नाही. फौजेकडून एक लांबडं पाकीट आलंय, रजा संपायच्या आत आतल्या कागदावर सही करून पाठवायची आहे, ते तसंच फळीवर पडलंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती दिवसभर माझ्या धाकट्या जावेच्या, कौसाच्या, मागं मागं फिरते. कौसा पायानं अधू. तरणी असताना गवताच्या भाऱ्यासकट कड्यावरनं घसरली, उजव्या खुब्याचं हाड चुकीचं जुळलं. डावा पाय टाकते, उजवा ओढते, चढ आला की उजवा हात मांडीवर दाबून धरते. कांचन उंबऱ्यावर बसून ते बघत राहते. कौसा पार कावून गेली.

"अक्का, तुझ्या सुनेला सांग की गं," ती मला म्हणाली. "माझा पाय म्हंजे काय सिनेमा हाय व्हय? पाण्याला निघाले की बघती, परसाकडं निघाले की बघती."

मी कांचनला हटकलं. तिनं मलाच विचारलं, "आत्ती, सहा वर्षांमागं मी ड्युटीवर असताना पाऊलपट्टीवर चालणं झालं, त्या दिवशी कौसाकाकी चालल्या होत्या का?"

"चालली होती की," मी म्हणाले.

मी खोटं बोलले. का बोलले ते कळायला पाऊलपट्टीची गोष्ट सांगावी लागेल.

सहा वर्षांमागं पुण्याच्या एका संस्थेतून शर्वरी नावाची पोरगी आमच्या गावात आली. केस पोरांसारखे, पायात माझ्या सुशांतलाही ढगळ झाले असते असे मोठे बूट. बरोबर एका टेम्पोत गुंडाळलेल्या काळ्या पट्ट्या, घोंगडीएवढ्या जाड. देवळापुढच्या उतारावर तिनं त्या अंथरल्या आणि माझ्याकडं आली, कारण गावातल्या बायकांचं काहीही असलं की आधी माझ्याकडं यावं लागतं.

ती म्हणाली, "आजी, माणूस चेहरा लपवू शकतो, नाव खोटं सांगू शकतो. चाल नाही बदलता येत."

"हे सांगायला पुण्याहून आलीस? माझी सून कोणती आणि शेजारीण कोणती, हे मी पाठमोरी बसून पावलावरनं सांगते."

ती हसली. म्हणाली, "तेच या पट्टीला शिकवायचंय."

तिनं मला समजेल असं सांगितलं. पाऊल पडताना टाच आधी टेकते, मग बाहेरची कड, मग चवडा. कुठं किती भार पडला आणि किती वेळ पडला, हे पट्टीतल्या बारीक तारा मोजतात. डोक्यावर हंडा असला की पावलं आखूड होतात, कंबर हलत नाही, दोन्ही पायांवर भार सारखा. पण कुणी बंदूक किंवा स्फोटकं अंगाला बांधून लपवली असतील तर भार एका अंगाला जातो, आणि तो माणूस सरळ चालायचा आटापिटा करतो. त्या आटापिट्याचा एक बारीक थरकाप असतो. डोळ्याला दिसत नाही, पट्टीला कळतो.

"मग यंत्राला तसं सांगून टाक की," मी म्हणाले. "थरकाप दिसला की धर."

"सांगून नाही शिकत ते. दाखवून शिकतं. हजारो निरुपद्रवी पावलं दाखवायची, हजारभर घातकी दाखवायची, मग ते आपलं आपण रेघ मारतं की इकडचे हे नि तिकडचे ते. ती रेघ त्यानं कुठून मारली, ते पुढं आम्हालाही नीट सांगता येत नाही."

हे यंत्र जायचं होतं दोन देशांच्या हद्दीवर, जिथं लढाई चालू आहे आणि माणसं जीव घेऊन नदी ओलांडून पळत येतात. देशांची नावं ती सांगत नव्हती. तिथं निळ्या टोप्यांची शांतिसेना छावण्या राखते. दारात झडती घ्यायची तर हजारो बायाबापड्यांच्या अंगाला हात लावावा लागतो, आणि झडती नाही घेतली तर बाईच्या कपड्यात बाँब बांधून कुणी आत घुसतो. पट्टी असली की कुणाच्या अंगाला हात लावायला नको. चालत या, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. लाल लागला, थांबा. लढाईच्या जागी जाऊन शांतपणे पावलं गोळा करता येत नाहीत, म्हणून त्यांना अशी डोंगरातली गावं हवी होती, जिथं बायका अनवाणी किंवा साध्या वहाणेत, डोक्यावर भार घेऊन चढउतार करतात.

मला तर ते भारीच पटलं. झडतीची लाज बाईलाच ठाऊक.

शर्वरी म्हणाली, "गावातल्या सगळ्या बायका चालवा. आणि आजी, रोज चालतात तशाच."

आता हे वाक्य बोलायला सोपं. पाहुणा दारात आला की आमच्याकडं गोधड्या आत ढकलतात, फुटका कप मागं ठेवतात, खोकणाऱ्या म्हाताऱ्याला माजघरात निजवतात. तशीच मी बायकांची निवड केली. हातात काठी घेऊन उतारावर उभी राहिले. चांगली लुगडी नेसून या म्हटलं. चुंबळी नव्या. पाठ सरळ. पोक काढून चालणाऱ्या तिघी म्हाताऱ्यांना परत पाठवलं. नवव्या महिन्यातली गरोदर होती एक, तिला म्हटलं, बदकासारखी चालतेस, घरी जा. एकीला नवऱ्यानं आदल्या दिवशी मारलं होतं, ती पाय चोरत होती, तिला मी काही विचारलं नाही, नुसतं खुणेनं बाजूला काढलं. आणि कौसा आली. पेटीतलं जांभळं लुगडं नेसून, डोक्यावर घासलेला हंडा घेऊन.

मी म्हटलं, "तू कशाला? शूटिंग चाललंय. गावाची इज्जत हाय."

ती वळून गेली. डावा टाकला, उजवा ओढला.

संख्या कमी पडली म्हणून चांगल्या चालीच्या बायकांना मी पाच पाच वेळा चालवलं. स्वतः बारा वेळा चालले. शर्वरी यंत्रापाशी मान खाली घालून मी सांगेन ती नावं लिहीत बसली होती, तिला बायका मोजायच्या होत्या, ओळखायच्या नव्हत्या.

दोन वर्षांनी यंत्र हद्दीवर गेलं. पहिल्याच महिन्यात त्यानं बाईच्या वेषातले दोघे पकडले, अंगाला स्फोटकं बांधलेले. पेपरात आलं. मी सरपंचाच्या मागं लागून वेशीवर पाटी लावून घेतली की जगाच्या दाराला आमच्या पावलांची राखण आहे. आणि गेल्या वर्षी कांचनची तिथंच नेमणूक झाली तेव्हा तर मी गावभर पेढे वाटले. सासूनं शिकवलेलं यंत्र, सुनेच्या हातात.

फोनवर ती सांगायची, "आत्ती, इथल्या बायका डोक्यावरून पाणी नेतात, हुबेहूब आपल्यासारख्या. हिरवा दिवा लागला की मला वाटतं तुम्हीच चालत आलात." मी ते वाक्य शंभर जणींना ऐकवलं असेल.

तर मी म्हटलं, चालली होती कौसा. कांचननं माझ्याकडं बघितलं, फौजेच्या पोलिसानं बघावं तसं.

"आत्ती, चाललेल्या बायकांची यादी मी शर्वरीताईंकडून मागवून घेतलीय. काकींचं नाव नाही. एकही लंगडी बाई नाही. पोक आलेली नाही. पोटुशी नाही."

आम्ही ओढ्यावर गोधड्या धुवायला गेलो होतो. मी गोधड्या बडवायचा लाकडी धोका हातात धरून तशीच उभी राहिले. ती दगडावर बसली आणि सांगायला लागली, पाण्याकडं बघत.

"जानेवारीत नदीपलीकडची तीन गावं जाळली. आमच्या दाराशी तीन दिवस लोंढा. चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला एकोणीस बायका आल्या, चालत. तीन दिवस चालत होत्या. पायांना चिंध्या बांधलेल्या, कुणाच्या पाठीवर पोर, कुणी दुसरीच्या खांद्याचा आधार घेतलेला. एकही धड चालत नव्हती. पहिली पट्टीवर आली, लाल. दुसरी, लाल. एकोणीसच्या एकोणीस लाल."

"मग?"

"लाल असताना दार आपोआप उघडत नाही. माझ्या गळ्यात किल्ली असते. ती फिरवली तर हातानं उघडतं, आणि पुढं जे होईल ते किल्ली फिरवणाऱ्याच्या नावावर. त्याच्या दोन महिने आधी दुसऱ्या दारावर एका जवानानं म्हाताऱ्याची दया येऊन लालवर किल्ली फिरवली होती. अकरा माणसं गेली, तो जवानही. त्यानंतर कुणी किल्लीला हात लावत नव्हतं."

"मग तुझं चुकलं काय?" मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

"सगळ्यांत पुढं एक म्हातारी होती. डावा पाय टाकायची, उजवा ओढायची, आणि ओढताना मांडीवर हात दाबायची." कांचनचा आवाज बदलला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "मी काकींना लग्नापासून नऊ वर्षं बघितलंय. ते सोंग नव्हतं, तो मोडून जुळलेला खुबा होता. यंत्राला नाही कळलं. मला कळलं होतं, आत्ती. माझा हात किल्लीवर गेला होता. मग मी दिव्याकडं बघितलं."

तिनं एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"तपासणीची गाडी बोलावली. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. म्हातारी खाली बसली. तिनं मला पाण्याची खूण केली, मी जाळीवरून बाटली टाकली. तिनं ती आधी मागच्या पोरांच्या आयांना दिली. तिच्यापर्यंत परत आली तेव्हा रिकामी होती. ती माझ्याकडं बघून हसली, म्हणजे असू दे असं. चाळीस मिनिटं व्हायच्या आधी गावं जाळणाऱ्यांच्या मोटारसायकली आल्या."

मी विचारलं नाही. तरी ती म्हणाली, "सतरा गेल्या. दोघींना मी आत आणलं. त्याचीच ती शाल."

"म्हणजे दार उघडलंस ना शेवटी?"

"उघडलं. किल्ली फिरवली. दिवा तेव्हाही लालच होता."

धोका माझ्या हातातून कधी सुटला ते मला कळलं नाही. तो वाहत पार खालच्या डोहापर्यंत गेला आणि आम्ही दोघी तो जाताना बघत राहिलो.

घरी येऊन मी गोधड्या वाळत न घालता कौसाकडं गेले. ती वाटाणे सोलत बसली होती. चाळीस वर्षांत मी तिच्या दारात काही मागायला गेले नव्हते, त्यामुळं ती घाबरून उठायला लागली.

"बस. कौसे, मी तुला त्या दिवशी परत पाठवली."

"कंच्या दिवशी?"

"पट्टीच्या."

ती हसली. "आता आठवलं व्हय तुला? सहा वर्सं झाली."

"राग आला होता?"

"राग कशाचा. तुझा सभाव मला ठावं न्हाई?" तिनं दोन शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "पर मी चालले व्हते गं अक्का. घरामागं, गोठ्यापास्नं उकिरड्यापतुर. धा येळा. जांभळं लुगडं नेसलीच व्हते, म्हटलं आता फुकट कशाला जावं. हंडा बी व्हता डोक्यावर. येक थेंब सांडला न्हाई. फकस्त खाली पट्टी नव्हती."

मी तिच्या शेंगा सोलायला बसले. तिला वाटलं मला सर्दी झालीय, म्हणून ती आत जाऊन सुंठेचा काढा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नातवाकडून शर्वरीला फोन लावून घेतला आणि नातवाला बाहेर हाकललं. तिला सगळं सांगितलं: काठी, लुगडी, परत पाठवलेल्या बायका, कौसा, पाच पाच वेळा चालवलेल्या.

ती म्हणाली, "आजी, आम्ही बारा गावांत गेलो होतो. मी गेला महिनाभर त्या नोंदी काढून बसलेय. बाराही ठिकाणी तेच. प्रत्येक गावानं आपल्या चांगल्या चालीच्या बायका पाठवल्या. आम्हाला आनंद झाला की नोंदी किती स्वच्छ आल्यात. लढाईतून पळून आलेली बाई स्वच्छ चालत नसते, एवढं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"पण यंत्राला लंगडणं नि बाँब यातला फरक कळू नये?"

"त्यानं लंगडणं बघितलंच नव्हतं. अंगात भार लपवलेला माणूस एका अंगाला झुकतो, लंगडा माणूसही झुकतो. त्याच्या रेघेच्या अलीकडं तसं कुणीच नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना पलीकडं टाकलं. मला हे माहीत नाही, असं म्हणायला आम्ही त्याला शिकवलंच नाही. दोनच दिवे दिले. तिसरा हवा होता."

"मग हे सांग की त्यांना. मोठ्या साहेबांना."

"सांगितलं. चौकशीचा अहवाल झालाय आजी. त्यात लिहिलंय पट्टीत धूळ गेली होती. पट्ट्या धुतल्या की काम संपलं. दिवाळीच्या आत आणखी चाळीस दारांवर हीच पट्टी बसणार आहे. दारावरच्या माणसानं सांगितलं तरच चौकशी पुन्हा उघडते. कांचननं सांगावं लागेल की पट्टी स्वच्छ होती, पावलं स्पष्ट होती, आणि तिला डोळ्यांनी दिसत होतं की या निरुपद्रवी बायका आहेत. पण तसं सांगितलं की पुढचा प्रश्न तिलाच येणार. दिसत होतं तर किल्ली का फिरवली नाही? धुळीच्या कागदावर सही केली तर ती सुटते. खरं सांगितलं तर तिची वर्दी जाईल. कदाचित त्याहून वाईट."

म्हणजे फळीवरचं पाकीट ते होतं.

मी सुशांतला सांगितलं. तो डेपोतून आला होता, हाताला ग्रीस, तसाच ओट्यावर बसला. पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला.

"आये, तू यात पडू नकोस. तिची चूक न्हाई. नियम होता, तिनं पाळला. अहवालात तिची चूक न्हाई असं साहेबांनी लिहून दिलंय, आता तू कोण मोठी? ती सही करंल, बरी होईल, पोराकडं बघंल. मला माझी बायको परत पायजे."

संध्याकाळी सरपंच आला. त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, त्याच्या कानाला दारं नाहीत. खुर्चीवर बसून म्हणाला, "काकू, गावाचं नाव जगात गेलंय. आता आपणच म्हणायचं का, की आम्ही बायका निवडून पाठवल्या? फसवणूक म्हणतील. कांचनताईंची काय चूक? कुणाचीच न्हाई. यंत्र हाय, चालायचंच."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेला. त्या रात्री मला झोप आली की नाही ते सांगत नाही, ते माझं मला.

सकाळी कांचन अंगणात ट्रंक भरत होती. रजेचे दोन दिवस उरले होते. वर्दीला इस्त्री केलेली, बूट पॉलिश केलेले, घड्या अशा की पट्टीनं मोजाव्यात. पाकीट फळीवरून खाली आलं होतं, ट्रंकेच्या झाकणावर होतं, उघडलेलं. वर पेन. सुशांतनं ठेवलं असणार. तो दारात उभा होता. कौसा तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती, पण कान इकडं.

मी समोर पाटावर बसले. मला गुडघ्यांमुळं खाली बसता येत नाही, पण बसले.

"काय ठरवलंस?"

"सगळे म्हणतात माझी चूक नाही, आत्ती." ती कागदावरनं बोट फिरवत होती. "साहेब म्हणाले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांनी तर आठ वेळा म्हटलं. हे म्हणतात. मी रोज सकाळी उठून स्वतःला म्हणून बघते. तुम्ही एकट्या काही बोलला नाहीत. तुम्ही सांगा. तुम्ही म्हटलं तर मी सही करते."

मी तिच्याकडं बघितलं. उंची बघून आणलेली पोरगी, या रजेत खांद्यानं वाकली होती. माझ्या तोंडाशी आलं होतं, कर बये सही, आणि जेव पोटभर. आईनं तेच म्हटलं असतं. मी तिची आई नाही, सासू आहे, आणि तिनं निवाडा मागितला होता.

सुशांत म्हणाला, "आये, जपून बोल."

"तू गप. तुझं प्रेम असू दे तिकडं, मी हिच्याशी बोलते." मी पाकीट उचललं आणि मांडीखाली घेतलं. "कांचन, मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. कायदा मला कळत नाही. पण चाळीस वर्षं या गावातल्या बायकांची भांडणं मी तोडली, आणि तोंड बघून निवाडा कधी दिला नाही, तुझंही बघणार नाही. तुझी चूक आहे. हे सगळे खोटं बोलतात, कारण त्यांना तू लवकर बरी व्हायला हवीस. तुला दिसलं होतं. तुझा हात गेला होता. आणि तू माणसाकडं बघायचं सोडून दिव्याकडं बघितलंस. म्हणून तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि उतरू नये, थोडे दिवस तरी. पण माझी चूक तुझ्या आधीची आहे. त्या म्हातारीला मी इथंच, देवळापुढं, काठीनं बाजूला काढली होती, तिच्या जन्मभूमीचं नावसुद्धा माहीत नसताना. कौसाच्या रूपानं काढली. मी तिला जगातून वगळली, मग तुझ्या यंत्राला ती कुठून दिसणार? सतरा जणी आहेत. त्यांतल्या किती तुझ्या नि किती माझ्या, ते वाटून घ्यायचं नाही, सगळ्या दोघींच्या. माफी कुणी देणार नाही, द्यायला कुणी उरलेलं नाही, म्हणून मागायची पण नाही. धुळीवर सही करायची नाही. तिथं जाऊन उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं, पट्टी स्वच्छ होती, मला दिसत होतं, मी वेळेत दार उघडलं नाही. आणि माझं नाव सांगायचं, पूर्ण नाव, सगुणाबाई भाऊसाहेब जगदाळे, मुक्काम पाथरखिंड, हिनं लंगड्या बायका घरी पाठवल्या. वर्दी जाईल. तुरुंगात घालतील तर मी डबा घेऊन दारात बसेन, मला लाज वाटणार नाही. पण आणखी चाळीस दारांवर आणखी चाळीस म्हाताऱ्या येणार आहेत चालत, आणि त्यांना लाल दिवा लागणार आहे, आणि ते थांबवू शकणाऱ्या आपण दोघीच. तू दोषी आहेस, पोरी. मी तुझ्याहून जास्त. आता ऊठ."